नव्वदीतल्या माणसासाठी सेन्सरचा दिवा: घ्या, पण सेकंद मोजून

रात्री दोनला लघवीला उठायचं, या एका गोष्टीची धास्ती फार म्हाताऱ्या माणसांना दिवेलागणीपासूनच लागते. नजर अधू, गुडघे बेभरवशाचे, त्यात एकदा पडल्याची आठवण. मग संध्याकाळनंतर पाणीच सोडतात, आणि पाणी कमी पडलं की चक्कर आणि गोंधळ वाढतो. यावर हालचाल टिपून पेटणारा बॅटरीचा दिवा खरंच उपयोगी आहे. दोन-पाचशे रुपयांत मिळतो. पण बाजारातले बहुतेक दिवे तरण्याताठ्या चालीवर बेतलेले आहेत.

मुख्य दोष वेळेचा. हालचाल थांबली की बरेच दिवे १५ ते २० सेकंदांत विझतात. या वयात उठल्याउठल्या रक्तदाब उतरू शकतो, म्हणून पाय खाली सोडून निदान मिनिटभर बसायचं असतं. नेमका तेव्हाच अंधार होतो. माणूस दचकतो, घाईने उठतो. त्यापेक्षा रात्रभर जळणारा झिरोचा बल्ब बरा. तेव्हा वेळ वाढवता येणारा, किमान ६० सेकंद पेटता राहणारा दिवाच घ्या. आणल्यावर पलंगाच्या कडेला निश्चल बसून सेकंद मोजा. आधी विझला तर परत करा.

तीन दिवे लागतात. पहिला पलंगाच्या चौकटीला खालून, म्हणजे कूस बदलली तर पेटणार नाही, पाय खाली आले की पेटेल. दुसरा उंबऱ्याजवळ, तिसरा संडासाच्या दाराशी. सगळे गुडघ्याच्या खाली, तोंड जमिनीकडे. डोळ्यांच्या उंचीवर लावला तर मोतीबिंदूवाल्याला फक्त झळाळ दिसते. वाटेत खुर्ची-स्टूल ठेवू नका. खालच्या उजेडात त्यांच्या लांब सावल्या भिंतीवर चढतात आणि कुणी उभं आहे असं वाटतं. उजेड पिवळसर हवा, पांढऱ्यानिळ्याने झोप मोडते.

हा सेन्सर अंगाची ऊब आणि खोलीची ऊब यांतला फरक ओळखतो. विदर्भात मे महिन्यात खोलीच ३५ अंशांवर गेली की तो अगदी जवळ गेल्याशिवाय पेटत नाही. उन्हाळ्यात दिवे पावलांच्या आणखी जवळ आणा. चुन्याच्या भिंतीवर चिकटपट्टी टिकत नाही आणि मध्यरात्री दिवा धप्पकन पडतो. तिथे स्क्रूच मारा. प्लगमध्ये लावायचे दिवे वीज गेली की निकामी, ते घेऊ नका. चार्जिंगचा वार ठरवून ठेवा.

दिवे लावूनही घालमेल तशीच राहिली, किंवा एक-दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलणं, घरच्यांची ओळख न पटणं सुरू झालं, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. लघवीतला जंतुसंसर्ग, दम्याचं औषध, थायरॉइड अशी कारणं असू शकतात. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी चालू असेल तर ती सकाळी घेता येईल का, हेही विचारा. झोपेची गोळी मनाने सुरू करू नका, तिने तोल जातो. आधीपासून चालू असलेली मात्र एकदम बंदही करू नका, घाबरेपणा उलट उसळतो.