बोनमध्ये माउंटन बाईक भाड्याने घ्यावी का? वर चढणार असाल तरच घ्या

फ्रान्समध्ये बरगंडीच्या द्राक्षमळ्यांतून सायकल चालवायची म्हणून लोक बोनला येतात आणि भाड्याच्या दुकानात उभं राहिल्यावर प्रश्न पडतो की साधी सायकल घ्यायची, इलेक्ट्रिक घ्यायची की माउंटन बाईक, म्हणजे तिकडची व्हीटीटी. माझं उत्तर आधीच सांगते. फक्त मळ्यांमधून गावं बघत फिरायचं असेल तर माउंटन बाईकवर पैसे घालवू नका. पण मळ्यांच्या डोक्यावरचा जो डोंगराळ भाग आहे, ओत-कोत म्हणतात त्याला, तिथे जायचं असेल तर दुसरी कुठली सायकल घेऊच नका. आणि जा बरं का तिथे, कारण बहुतेक लोक खालूनच फिरून परत जातात आणि अर्धं बरगंडी बघायचंच राहतं.

आधी खालचा रस्ता. बोनपासून साँतनेपर्यंत व्हुआ दे व्हीन्य नावाचा सायकलमार्ग आहे, साधारण 22 किलोमीटर, पोमार, व्होलने, मरसो, प्युलिन्यी-माँराशे, शासान्य अशी एकेक गावं लागत जातात, खुणा चांगल्या आहेत, चुकायची भीती नाही. रस्ता म्हणजे मळेवाल्यांचेच छोटे पक्के रस्ते, त्यामुळे समोरून ट्रॅक्टर येणार हे धरूनच चालायचं, तेही वेलींच्या रांगेवरून दोन बाजूंना चाकं टाकून चालणारे उंच ट्रॅक्टर. त्यांचं काम चाललेलं असतं, आपण बाजूला थांबायचं. फवारणी चालू असेल तर थोडं लांब थांबा आणि वारा कुठून येतोय ते बघा. लहान मुलांना घेऊन सुद्धा करता येईल इतका सोपा मार्ग आहे (12 वर्षांखालच्या मुलांना फ्रान्समध्ये हेल्मेट सक्तीचं आहे, मोठ्यांनीही घालावंच). सुंदर आहे, त्यात वाद नाही. पण जाड टायर आणि सस्पेन्शन इथे नुसतं ओझं होतं.

दुकानाबद्दल. नाव लिहीत नाही कारण एक तक्रारही आहे, ती पुढे येईल. सायकल मात्र उत्तम दिली, 29 इंची चाकांची, हार्डटेल म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली, ट्यूबलेस टायर, आणि मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे देताना घेतलेली मेहनत. त्या माणसाने मला पाठीवरच्या पाण्याने भरलेल्या सॅकसकट सायकलवर बसवलं, माझ्या वजनाने सस्पेन्शन किती दबतं ते कळावं म्हणून पुढच्या फोर्कवरचं, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यावरचं, रबराचं छोटं कडं किती सरकतं ते बघितलं, पंपाने थोडी हवा सोडली, परत बसवलं, परत बघितलं. सीटची उंची, टायरमधली हवा सगळं माझ्यादेखत. मग स्वतःहून ब्रेक दाखवले. हे नीट लक्षात ठेवा, तिथे पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो, भारतातल्या सायकलींच्या बरोब्बर उलट, आणि खडीच्या उतारावर सवयीने नुसता डावा दाबला तर तोंडावर आपटायला वेळ लागणार नाही. निघायच्या आधी मोकळ्या जागेत दोन चकरा मारून हात बसवून घ्या.

आता वर का जायचं ते सांगते, कारण माझ्या दृष्टीने सगळी मजा त्यातच आहे. बरगंडीची वाईन समजून घ्यायची म्हणजे उतार समजून घ्यायचा. डी974 नावाचा रस्ता या सगळ्या पट्ट्याच्या पायथ्याशी उत्तर-दक्षिण धावतो, त्याच्या पूर्वेला सपाट जमीन, जड माती, तिथली वाईन बहुतेक साध्या दर्जाची. रस्ता ओलांडून पश्चिमेकडे चढायला लागलात की गावाच्या नावाने विकली जाणारी वाईन, मग त्याहून वरच्या दर्जाची प्रीमिये क्रू, आणि काही गावांत उताराच्या साधारण मधोमध ग्राँ क्रू, सगळ्यात मानाची. तिथे माती पातळ, खाली चुनखडी, पाणी साचत नाही, सकाळचं ऊन सरळ अंगावर येतं. अजून वर गेलं की खडक आणि थंडी वाढते आणि शेवटी जंगल. हे पुस्तकात वाचून मला कधी नीट कळलं नव्हतं, सायकलवर मांड्यांना कळतं, कारण जिथे तुम्ही गिअर हलका करता साधारण तिथेच भिंतीवरच्या पाटीवरचं नाव बदललेलं असतं. मळ्याच्या अशा प्रत्येक नाव असलेल्या तुकड्याला क्लिमा म्हणतात, असे 1247 क्लिमा 2015 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. माँराशेचा जगप्रसिद्ध मळा जेमतेम 8 हेक्टर, तोही दोन गावांत विभागलेला, आणि त्याच्या कडेने जाताना पाटी वाचली नाही तर शेजारच्या मळ्यात आणि त्याच्यात काय फरक ते कळणारही नाही. एकच हात जोडून विनंती, वेलींच्या रांगांमध्ये सायकल घालू नका. ती खाजगी जमीन आहे, तारा आहेत, लोकांचं पोट आहे त्यावर.

मी सुचवेन तो मार्ग असा, बोनहून ओसे-द्युरेस, तिथून सँ-रोमाँ, मग ओर्श, बोबिन्यी, ला रोशपो, नोले आणि उतरत साँतने, तिथून खालच्या सपाट मार्गाने परत बोन. बोन साधारण 220 मीटरवर आहे आणि वरचं पठार 500 च्या आसपास, म्हणजे आल्प्ससारखं काही नाही, पण चढ एकसलग नाहीत, चढा-उतरा-परत चढा असं चालतं आणि पाय पुरेसे थकतात. सँ-रोमाँला पांढऱ्या कड्याखाली एक गाव आणि वर दुसरं अशी रचना आहे. तिथे वाईनची ओकची पिंपं बनतात, 228 लिटरची बरगंडीची पिंपं. ओकच्या फळ्या चळती लावून उघड्यावर वर्षानुवर्षं पावसापाण्यात ठेवलेल्या दिसतात, आणि पिंपं आतून भाजत असतील तर त्या खरपूस वासासाठी चढ मध्येच सोडून थांबावंसं वाटतं. मी थांबले. वर ओर्शच्या कड्यावरून खाली सगळं पसरलेलं दिसतं, मळे, छपरं, जंगलाची कड. पुढे ला रोशपोचा किल्ला लागतो, रंगीत चकचकीत कौलांचा, रस्त्यावरूनच मस्त दिसतो. जंगलातल्या पायवाटा काही ठिकाणी अरुंद आणि मुळांच्या आहेत, पण भीती वाटावी अशा नाहीत, मध्यम सराव असेल तर छान जमतं. फ्रेंच सायकलिंग फेडरेशनच्या खुणा असतील तिथे एक त्रिकोण आणि दोन गोल असतात, हिरवा सोपा, मग निळा, लाल, आणि काळा सगळ्यात अवघड. पायी चालणारे भेटले की वेग कमी करा आणि बोंज्यूर म्हणा, सगळे म्हणतात.

पाऊस पडून गेला असेल तर मात्र वर जाऊच नका, एक दिवस थांबा. चिकणमाती आणि चुन्याची ती माती टायरला कणकेसारखी चिकटते, चाक फोर्कमध्ये अडकतं, आणि ओला चुनखडीचा दगड इतका निसरडा होतो की चालतानाही पाय सरकतो. दुसरं म्हणजे शिकार. सप्टेंबरपासून हिवाळा संपेपर्यंत जंगलात शिकारीचा मोसम असतो, विशेषतः रविवारी, आणि वाटेवर शिकार चालू असल्याची पाटी दिसली तर सरळ मागे फिरा, भडक रंगाचे कपडे घाला.

आता तक्रार. दुकानाने मार्गाची जीपीएस फाइल दिली ती जुनी होती, एका ठिकाणी वाट गेट लावून बंद, मी फोन लावला तर दुपारी 12 ते 2 कोणी उचललाच नाही. जेवणाची सुट्टी असते हे मान्य, पण तुम्ही मदतीचा नंबर म्हणून छापून देता आणि नेमका दुपारी तो बंद, हे बरोबर नाही. सायकल परत केल्यावर सांगितलं तर ऐकून घेतलं, लिहूनही घेतलं, एवढं मात्र कबूल करते. तुम्ही स्वतःचा नकाशा फोनमध्ये ऑफलाइन घेऊन जा. फक्त इअरफोन लावून रस्ता ऐकू नका, सायकल चालवताना इअरफोन लावायला तिथे बंदी आहे आणि 135 युरो दंड आहे.

वाईनबद्दल विचारणार हे माहीत आहे. रक्तात लिटरमागे 0.5 ग्रॅम अल्कोहोलची मर्यादा सायकलवाल्यालाही लागू आहे. तळघरांत चव बघून थुंकायची भांडी ठेवलेली असतात, सगळे थुंकतात, त्यात काही वाईट दिसत नाही. मी चढ संपल्यावरच चव घ्यायची असं ठरवलं होतं आणि ते फार बरं झालं. शाकाहारी लोकांनी खाणं सोबत ठेवा, छोट्या गावांत दुपारी आणि रविवारी सगळं बंद असतं, बेकरीतून सकाळीच पाव, चीज आणि गुझेर, म्हणजे चीज घातलेले पोकळ हलके गोळे, घेऊन निघा. अंड्याचा जो तिकडचा प्रसिद्ध प्रकार आहे, रेड वाईनमधला, त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, विचारूनच मागवा. पाण्यासाठी गावाच्या दफनभूमीत नळ असतो, पण पिण्याचं नाही अशी पाटी नाही ना ते आधी बघा.

इलेक्ट्रिक माउंटन बाईक घ्यावी का, तर सराव नसेल तर घ्या, भाडं बरंच जास्त पडतं पण वरचं पठार आरामात बघून होतं. ताशी 25 किलोमीटरच्या वेगानंतर मोटर साथ सोडते, ते उतारावर लागतच नाही. नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी बोनमध्ये हॉस्पिसच्या वाईनचा लिलाव असतो (1443 साली गरिबांसाठी स्थापन झालेलं ते इस्पितळ अजून उभं आहे, जरूर बघा), तेव्हा राहायला खोली मिळत नाही. द्राक्षतोडणीच्या दिवसांतही सायकल आणि खोली दोन्ही आधीच बुक करा. आणि पॅरिसहून येणार असाल तर दिजाँपर्यंत टीजीव्ही, म्हणजे तिकडची वेगवान रेल्वे, आणि पुढे वीसेक मिनिटांची लोकल गाडी, बोन स्टेशनवरून गावात चालत जाता येतं.