अल्बर्टातल्या क्री मुलांसाठीच्या आधारसेवा: काय चालतं, कुठे अडतं

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांताची राजधानी एडमंटन. तिथून दक्षिणेला तासाभराच्या अंतरावर मास्कवाचीस आहे. सॅमसन, अर्माइनस्किन, लुई बुल आणि मोंटाना या चार क्री नेशन्सची ही वस्ती. क्री हा कॅनडातला एक मूळनिवासी समाज, आणि नेशन म्हणजे त्यातला एकेक समूह. 2014 पर्यंत नकाशावर तिचं नाव हॉबेमा होतं. एडमंटनमध्ये नर्स, शिक्षक, सोशल वर्कर म्हणून काम करणाऱ्या मराठी माणसांसमोर अशा वस्त्यांतली मुलं येतात, आणि मग 'हिला कुठे पाठवायचं?' हा प्रश्न उरतो. समुपदेशनाच्या जोडीला एल्डर्स (परंपरा जाणणारी, समाजाने मानलेली वडीलधारी माणसं), विधी, भाषा आणि रानातले दिवस देणाऱ्या सेवा आहेत. हे परीक्षण कुणा एका संस्थेचं नाही, त्या सगळ्या साखळीचं आहे.

आमचं मत आधीच सांगतो. काम अस्सल आहे, कागदपत्रांचा कारभार बेताचा. कार्यक्रम एल्डर ठरवतात तिथे मुलं टिकतात. शुक्रवारी दुपारी तासभर एल्डरना बोलावून भिंतीवर पिसाचं चित्र लावलेलं असेल, तर ती नुसती सजावट समजा.

पहिली पायरी फोनची. 'होप फॉर वेलनेस' हेल्पलाइन (1-855-242-3310) दिवसरात्र, फुकट चालते आणि चॅटही आहे. सेवा इंग्रजी-फ्रेंचमध्ये मिळते. क्री बोलणारी व्यक्ती मागितली तर मिळू शकते, पण प्रत्येक तासाला असेलच असं नाही. म्हणून आजीला फोन जोडून देण्याआधी क्री बोलणारं माणूस कधी असेल ते विचारून घ्या. बोलीही पाहा: अल्बर्टाच्या मैदानी भागातली क्री आणि मॅनिटोबा प्रांताकडची स्वॅम्पी क्री यांत फरक आहे, आणि म्हाताऱ्या माणसांना तो चटकन जाणवतो. रात्री दोन वाजता एकटं वाटणाऱ्या मुलासाठी ही लाइन उत्तम. सहा महिन्यांच्या कामासाठी ती नाही, आणि तसा तिचा दावाही नाही.

नंतर येतो पैसा. सरकारदरबारी नोंदणी असलेल्या फर्स्ट नेशन्स (क्रींसारखे मूळनिवासी समाज) व्यक्तीला 'नॉन-इन्शुअर्ड हेल्थ बेनिफिट्स' या केंद्र सरकारच्या योजनेतून बारा महिन्यांत 22 तास समुपदेशन मिळतं आणि गरज दाखवली तर वाढवून मिळतं. मेख अशी की हे तास व्यावसायिक नोंदणी असलेल्या समुपदेशकाचे. नातवासोबत दिवसभर जाळं ओढणाऱ्या एल्डरचा तास त्यात बसत नाही. पारंपरिक उपचारकाकडे जाण्याचा प्रवासखर्च मात्र आधी मंजुरी घेतली तर मिळू शकतो, आणि ही गोष्ट बऱ्याच कुटुंबांना कुणी सांगतच नाही. कुटुंबं या पैशाला मदत म्हणत नाहीत, हेही लक्षात ठेवा. ब्रिटिश राजसत्तेशी झालेल्या 1876 च्या सहाव्या करारात औषधाच्या पेटीचं कलम आहे आणि त्यांच्या लेखी हा त्या कराराचा हक्क आहे.

मुलांसाठी खरी किल्ली म्हणजे 'जॉर्डन्स प्रिन्सिपल'. नॉर्वे हाउस क्री नेशनचा जॉर्डन रिव्हर अँडरसन 2005 मध्ये पाच वर्षांचा असताना हॉस्पिटलमध्येच वारला, कारण घरच्या देखभालीचा खर्च केंद्राने द्यायचा की प्रांताने, हा वाद मिटलाच नाही. सेवा आधी द्या, बिलावर नंतर भांडा, एवढंच हे तत्त्व. विनंती 1-855-572-4453 या क्रमांकावर किंवा स्थानिक समन्वयकामार्फत करता येते. मुलाचं नाव, जन्मतारीख, नोंदणी क्रमांक (नसेल तर पालकांपैकी एकाचा), पालकाची संमती, खर्चाचा अंदाज आणि गरजेचं पत्र लागतं. पत्र डॉक्टर किंवा समुपदेशकाचं चालतं, एल्डरचंही चालतं.

अर्ज बहुतेक वेळा या पत्रापाशीच फसतो. 'संस्कृतीशी नातं जोडण्यासाठी शिबिर' असं मोघम लिहिलं की प्रश्नांची मालिका सुरू होते. त्याऐवजी या मुलाला झोप लागत नाही, शाळा सुटली आहे, अमुक एल्डरबरोबर आठवड्याला इतके तास इतके आठवडे हवेत, त्याने अमुक बदल अपेक्षित आहे, असं लिहा. 2025 च्या फेब्रुवारीत सरकारने कार्यपद्धती कडक केल्यापासून गरज आणि सेवा यांचा सांधा असा उघड दाखवणं आणखी गरजेचं झालं आहे. कॅनडाच्या मानवाधिकार न्यायाधिकरणाने घातलेली मुदत तातडीच्या वैयक्तिक विनंतीला 12 तास आणि इतर वैयक्तिक विनंतीला 48 तास अशी आहे. प्रत्यक्षात अर्ज तुंबलेले असतात आणि कुटुंबं महिनोन्महिने थांबतात. विनंती खरोखर तातडीची असेल तर पहिल्याच ओळीत तसं आणि का ते लिहा.

दुसरी अडचण सहीची. क्री घरात मूल कोहकुमकडे, म्हणजे आजीकडे, वाढणं अगदी सहज आहे. मावशी-काकांचा अधिकारही आईबापांइतकाच. फॉर्मला मात्र आईबाप किंवा कायदेशीर पालकाचीच सही लागते. आजीकडे पालकत्वाचा कागद नसेल तर अर्ज अडतो. ही चौकशी पहिल्या भेटीतच करा. ती भेट शाळेसारख्या खोलीत टेबलापलीकडे बसून नको. मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून, त्यांची भाषा-संस्कृती पुसण्यासाठी ठेवत त्या निवासी शाळांपैकी अर्माइनस्किनची शाळा 1895 ते 1975 चालली. ती भोगलेली माणसं आज आजी-आजोबा आहेत, आणि फाइल उघडून प्रश्न विचारणाऱ्या माणसापुढे ती गप्प बसतात. चहा, सूप, बॅनक (तिथली साधी रोटी) ठेवा आणि पेट्रोलचं कूपन द्या, कारण रिझर्व्हवर, म्हणजे नेशनच्या राखीव जमिनीवरच्या वस्तीत, बहुधा बस नसते.

आता जिथे ही सेवा चमकते ते सांगतो: टिपी, म्हणजे खांबांवरचा शंकूसारखा तंबू, उभारणं. क्री पद्धतीत तीन खांबांचा पाया असतो. कापड जमिनीवर पसरून त्यावर खांब ठेवून गाठीची जागा मापायची. गाठ वर गेली तर कापड पुरत नाही, खाली राहिली तर ढिलं लोंबतं. तिकाटणं उभं केलं की बाकीचे खांब क्रमाने टेकवायचे. कापड बांधलेला खांब शेवटी मागून चढतो, मग खुंट्या, आणि बाहेरून दोन खांब धुराच्या झडपांना. दार बहुधा पूर्वेला. झडपा वाऱ्याकडे पाठ करून नसतील तर धूर आत कोंडतो. एल्डर एकेका खांबाबरोबर एकेक मूल्य सांगतात, सुरुवात आज्ञापालन, आदर आणि नम्रता यांपासून. एकट्याने काहीच उचलत नाही, त्यामुळे खोलीत तासभर तोंड न उघडणारं पोरगंही इथे 'धर, धर' म्हणून ओरडतं.

स्वेट लॉजबद्दल, म्हणजे बंद झोपडीत वाफेने घाम काढण्याच्या शुद्धीविधीबद्दल, मात्र सावध राहा. विलोच्या काठ्यांचा सांगाडा, आत तापलेले दगड, बहुधा चार फेऱ्या. रेफरल देण्याआधी औषधं तपासा. लिथियम (मनःस्थितीच्या आजारावरचं औषध) घेणाऱ्याच्या शरीरातलं पाणी घटलं तर रक्तातली पातळी धोकादायक वाढू शकते. मधुमेह, रक्तदाब, गरोदरपण याबद्दलही एल्डरना आधी सांगा. दाराजवळ बसण्याची आणि मध्येच बाहेर येण्याची मोकळीक आहे का, ते विचारा. नाही म्हणाले तर मुलाला पाठवू नका.

पाळीच्या दिवसांत मुलींना बऱ्याच विधींत आत घेत नाहीत. आपल्याकडच्या विटाळाशी याची गल्लत करू नका. तिथली शिकवण अशी की त्या दिवसांत तिच्याकडे स्वतःचीच मोठी शक्ती असते. तरी दारात अडवलं तर पंधरा वर्षांच्या मुलीला लाजच वाटते. चांगल्या कार्यक्रमात वयस्क बाई आदल्या दिवशी एकेकीशी बोलतात आणि वेगळं काम देतात.

एल्डरकडे काही मागायचं तर तंबाखू देऊन मागायचं, आणि तीही काम ठरण्याआधी. त्यांनी ती घेतली म्हणजे विनंती स्वीकारली. मानधन वेगळं आणि त्याच दिवशी. चार पानी इन्व्हॉइस भरायला लावून दोन महिन्यांनी चेक पाठवणाऱ्या संस्थेकडे एल्डर पुन्हा येत नाहीत, आणि कार्यक्रम का बंद पडला हे तिला कळतही नाही.

रेफरल कधी द्यायचं याचंही गणित आहे. सरकारी वर्ष 31 मार्चला संपतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये उरलेला पैसा संपवायला उणे तीस अंशांत घाईची शिबिरं भरतात, आणि एप्रिलमध्ये नवा करार सहीविना पडून राहिला की कामावरची माणसं घरी बसतात. मुलाला फार थांबता येणार नसेल तर फोनलाइन आणि 22 तास लगेच सुरू करा, शिबिराचं नाव उन्हाळ्यासाठी घाला, आणि एप्रिलमध्ये त्याच एल्डर आहेत का, हे फोन करून विचारा.