मृत्यू दाखला: ग्रामपंचायतीत जावं, ऑनलाइन काढावा की तहसीलच्या दप्तरात शोधावा?

गणपतीला गावी आलेला चाकरमानी परत निघायच्या आधी एकदा तरी तलाठ्याकडे जाऊन येतो. सातबाऱ्यावर वारस लावायचे असतात, आणि तिथे पहिलाच प्रश्न येतो, "मृत्यू दाखला आणलात?" 2025 मध्ये राज्य सरकारने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची म्हणून चावडी वाचनं झाली, आणि ज्या घरांनी हा विषय वर्षानुवर्षं पुढे ढकलला होता तिथेही कपाटं उघडली गेली. कोकणात एकेका सातबाऱ्यावर भावकीतली इतकी नावं असतात की त्यातली हयात किती हे सांगायला घरातल्या म्हाताऱ्या माणसालाच बसवावं लागतं. दाखला मात्र बहुतेकांचा सापडत नाही.

गेल्या दोन वर्षांत मी घरातले तीन दाखले काढले. मामांचा ऑनलाइन, थोरल्या काकांचा ग्रामपंचायतीतून आणि आजोबांचा तहसील कार्यालयातून. तिन्ही वाटा चालून झाल्या, म्हणून कोणती वाट कुणाच्या सोयीची ते लिहितोय.

त्याआधी एक गोष्ट पक्की करा: प्राण कुठे गेला? माणूस कुठला राहणारा होता याला इथे किंमत नाही. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे नोंद मृत्यू जिथे घडला तिथल्या निबंधकाकडे होते. गावात घरी गेले तर ग्रामपंचायत, चिपळूण किंवा सावंतवाडी शहरात गेले तर नगरपरिषद, दापोली किंवा कुडाळात गेले तर नगरपंचायत. सिंधुदुर्गातली कितीतरी माणसं शेवटच्या आजारपणात गोव्यात बांबोळीला नेली जातात. ती तिथे गेली तर नोंद गोव्यात झालेली असते, क्रियाकर्म वेंगुर्ल्यात झालं तरी. रत्नागिरीकडचे कोल्हापूरला किंवा मुंबईला नेतात, त्यांचंही तेच. मुंबईत गेलेल्याची नोंद महापालिकेच्या त्या त्या वॉर्डात असते. आणि मुंबई-गोवा महामार्गावर अँब्युलन्समध्येच जीव गेला असेल, तर नियम असा की गाडी पुढे पहिल्यांदा जिथे थांबली तिथे वर्दी, म्हणजे मृत्यूची खबर, द्यायची. आमच्या वाडीतल्या एका घराने गावच्या ग्रामपंचायतीत चार खेपा घातल्या. नोंद निघाली कोल्हापूरची.

ठिकाण कळलं की दुसरा प्रश्न सालाचा. त्यावरून वाट ठरते.

मृत्यू अलीकडचा असेल, तर ऑनलाइनला माझी पसंती आहे. मामा 2021 साली गावीच गेले, नोंद तेव्हाच संगणकावर चढलेली होती. नोंदणी क्रमांक हाताशी होता, म्हणून ग्रामपंचायतीतल्या आपले सरकार सेवा केंद्रातून अर्ज केला आणि क्यूआर कोड असलेला दाखला मिळाला. बँकेने तो कोड मोबाइलवर तपासला आणि दुसरा कागद मागितला नाही. मुंबईत राहणाऱ्याला यापेक्षा सोयीचं काही नाही, रजा वाचते आणि तुतारी एक्स्प्रेसचं तिकीटही. आता तर मृत्यूची नवी नोंद झाली की पहिला दाखला सात दिवसांच्या आत आणि विनामूल्य द्यायचा असं कायद्यातच आलं आहे. ही दुरुस्ती 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झाली. तेव्हा घरात ताजं दुःख असलं तरी कुणातरी एकाने 21 दिवसांच्या आत वर्दी देऊन टाकावी. बारावं-तेरावं झाल्यावर गेलात तरी मुदतीत बसतं. नोंदीला पैसे लागत नाहीत आणि पुढची वणवण वाचते.

एवढी एक काळजी घ्या: सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी खोटी संकेतस्थळं आहेत, तिथून निघालेला दाखला कागद म्हणून छान दिसतो आणि कामाच्या वेळी उपयोगाला येत नाही. पत्ता जीओव्ही डॉट इन असा संपतो का ते बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

जुन्या नोंदी संगणकावर सरसकट चढलेल्या नाहीत. तिथे ऑनलाइन अर्ज टाकून वाट बघत बसण्यात अर्थ नाही. काका 1994 साली गेले. त्यांच्यासाठी मी ग्रामपंचायतीतच गेलो, आणि ही वाट वेळखाऊ असली तरी माझ्या मते कोकणातल्या घरांसाठी सगळ्यात खात्रीची आहे. कारण एकच: दाखला लिहिला जाण्याआधी मूळ नोंद तुम्हाला डोळ्यांनी बघायला मिळते.

ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपण अजून ग्रामसेवक म्हणतो ते, त्यांच्याकडे दोन-तीन ग्रामपंचायती असतात, म्हणून ते आपल्याकडे कोणत्या वारी बसतात ते आधी शिपायाला फोन करून विचारा. मी गेलो त्या दिवशी त्यांनी कपाटातून लाल कापडी पुठ्ठ्याची नोंदवही काढली. पानांच्या कडा पावसाळी हवेने तपकिरी पडलेल्या, दोन पानं एकमेकांना चिकटलेली. ती त्यांनी पट्टीने अलगद सोडवली. मग बोट ओळीवरून खाली सरकत आलं आणि थांबलं. नाव होतं 'भिकू'. सातबाऱ्यावर काका 'भिकाजी' आहेत. वर्दी देणाऱ्या शेजाऱ्याने घरात हाक मारतात तेच नाव सांगितलं होतं, त्यात त्याची काय चूक? पण तसाच दाखला निघाला असता, तर पुढे तलाठ्याने परत पाठवला असता.

म्हणून नोंद वाचताना चार गोष्टी ताडून घ्या: नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मृत्यूची तारीख, आणि आडनाव लिहिलंय की नाही. बायकांच्या बाबतीत तर फारच सांभाळा. माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं, आणि वाडीत हाक मारायचं तिसरंच. चूक सापडली तर कायद्याच्या 15व्या कलमाखाली निबंधकाला दुरुस्ती करता येते. मूळ नोंद खोडायची नसते, समासात दुरुस्ती लिहून तारीख आणि सही घालायची असते. मी काकांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि सातबारा जोडला, गावातल्या दोन जाणत्या माणसांचे जबाब दिले. दोन खेपा जास्त पडल्या, पण दाखला 'भिकाजी' नावाने हातात आला. आमच्या नात्यातल्या एका घराने हाच प्रकार दाखला निघाल्यावर, वारस अर्ज फेटाळला गेल्यावर बघितला. त्यांना सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

अर्जात माणसाचं पूर्ण नाव, मृत्यूची तारीख, ठिकाण, तुमचं नातं आणि तुमचा ओळखीचा पुरावा एवढं पुरतं. तारीख माहीत नसली तर निदान साल तरी घेऊन जा. शोधाचं शुल्क वर्षागणिक असतं, आणि पैशापेक्षाही, "साधारण नव्वद ते दोन हजारच्या मध्ये" असं सांगितलंत तर अकरा वर्षांची पानं कोण उलटणार? साल काढायचा आमच्याकडचा खात्रीचा उपाय म्हणजे घरातल्या बायकांना विचारणं. काकीला तारीख आठवत नव्हती, पण धाकटा मुलगा तेव्हा चौथीत होता आणि शिमग्याच्या पालखीआधी आठ दिवस, एवढं तिने लगेच सांगितलं. तेवढ्यावर महिना सापडला.

अर्ज दिलात की पोच घेतल्याशिवाय उठू नका. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली ही सेवा येते. मुदत, शुल्क आणि अपील कुणाकडे करायचं ते कार्यालयात फलकावर लावणं बंधनकारक आहे. पोच नसेल तर मुदत कुठून मोजणार?

ग्रामपंचायतीचं विभाजन झालं असेल तर जुनं दप्तर मूळ ग्रामपंचायतीत राहिलेलं असू शकतं, हेही विचारून घ्या.

आजोबा 1957 साली गेले. आमच्या ग्रामपंचायतीची वही त्याच्या पुढे सुरू होते, त्यामुळे तिथे काही मिळणार नव्हतं. ग्रामपंचायतींकडे हे काम येण्याआधी गावात जन्म-मृत्यूची नोंद महसुली दप्तरात व्हायची, गाव नमुना नंबर 14 मध्ये. जुनी माणसं त्याला कोतवाल बुक म्हणतात. ही दप्तरं तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात, तिथून नक्कल मिळते. इथे वेळ लागतो, हे मनाशी धरूनच जा. कपड्यात बांधलेली गाठोडी, गावाच्या नावाने लावलेली, आणि आतला कागद असा ठिसूळ की उचलताना हात सावकाश होतो.

वाचणंही सोपं नाही. आणखी मागे गेलात तर लिपी मोडी असते आणि मोडी वाचणारा सोबत लागतो. देवनागरी असली तरी रीत वेगळी: आडनाव बऱ्याचदा नाहीच, 'बाबू बिन गोपाळ' म्हणजे गोपाळचा मुलगा बाबू, 'भ्र.' म्हणजे भ्रतार, त्यापुढे नवऱ्याचं नाव, आणि जातीचा उल्लेख. कुणबी नोंदींसाठी अलीकडे याच दप्तरांचा शोध झाला, त्यामुळे अभिलेख कक्षातल्या माणसांना कुठलं गाव कुठे ठेवलंय हे आता बऱ्यापैकी पाठ असतं. आडनाव नसल्यामुळे तो माणूस आपलाच हे वंशावळ आणि जुन्या फेरफाराच्या नकला जोडून दाखवावं लागतं. आजोबांच्या नोंदीत आडनाव नव्हतं. वाडीचं नाव होतं, आणि त्यावरूनच ते आमचे हे पटवता आलं.

यातही मिळालं नाही तर निराश होऊन परत येऊ नका. "नोंद आढळत नाही" हे तोंडी ऐकून उपयोग नाही, तो अनुपलब्धता दाखला लेखी घ्या. नमुना 10 म्हणतात तो. पुढे उशिराची नोंद करायची झाली तर तोच पाया असतो. एक वर्षाहून जुन्या मृत्यूच्या नोंदीसाठी पूर्वी कोर्टात जावं लागायचं, अजूनही गावात तसंच सांगतात. 2023 च्या दुरुस्तीपासून तो आदेश जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी देतो. वकिलाला पैसे देण्याआधी प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याच्या, कार्यालयात चौकशी करा.

माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा असंही बरेच जण सुचवतात. दहा रुपयांत आणि तीस दिवसांत उत्तर मिळतं हे खरं, पण हाती येते ती माहिती किंवा नोंदीची प्रत, नमुना 6 मधला, म्हणजे अधिकृत मृत्यू दाखला नव्हे. अर्जाला महिनोन्महिने उत्तर नसेल, किंवा वही अस्तित्वात आहे की नाही हेच कुणी सांगत नसेल, तर तेवढ्यापुरता तो वापरा.

मच्छीमार घरांची गोष्ट वेगळी आहे. होडी उलटली आणि माणूस मिळालाच नाही, तर वर्दी तरी कशाची देणार? सात वर्षं ठावठिकाणा लागला नाही तर कायदा माणूस मयत धरू देतो, आणि त्यासाठी दिवाणी न्यायालयाचा निर्णय घ्यावा लागतो. अशा घराने पहिल्याच दिवशी पोलीस ठाण्यात बेपत्ता नोंद करून तिची प्रत जपून ठेवावी. ती सात वर्षं तिथूनच सांगता येतात. यात ग्रामपंचायत किंवा सेवा केंद्र काही करू शकत नाही, त्यांच्याकडे फेऱ्या मारू नयेत.

मृत्यूचं कारण दाखल्यावर येत नाही, कायद्यानेच ते उघड करायला मनाई आहे. विमा कंपनीने कारण मागितलं तर डॉक्टरने दिलेलं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. जवळच्या नातेवाइकाला त्याची प्रत मिळण्याची सोय आता आहे, ती इस्पितळातून निघतानाच मागून घ्या.

आणि ज्या दिवशी दाखला हातात येईल त्या दिवशी पाच-सहा सही-शिक्क्याच्या प्रती एकदमच काढा. बँक, पोस्ट, एलआयसी, मुंबईतल्या खोलीची सोसायटी आणि तलाठी, प्रत्येकाला आपली वेगळी लागते. एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावरच्या पेटीत ठेवा, जमिनीवरच्या कपाटात नको. 22 जुलै 2021 ला चिपळूणात पाणी घरांत शिरलं तेव्हा खालच्या खणातले कागद आधी भिजले.