मोतीबागेजवळचा तर्री-पोह्याचा ठेला: रविवारी सकाळी जा, अन घाईत जाऊ नका

ठेल्याला बोर्ड नाही, नाव नाही, म्हणून आधी पत्ताच सांगतो. नागपूर मेट्रोच्या ऑरेंज लाइननं कडबी चौकात उतरा अन मोतीबागेच्या रेल्वे कॉलनीकडं चालत निघा, पाच-सात मिनिटांत निळी ताडपत्री दिसते, तिच्याखाली दोन बाकडे, बाजूला चार-पाच गाड्या अन त्यातल्या एकाच्या तरी हँडलला बूटांची पिशवी लटकलेली. बस तेच. सीताबर्डीकडून मेट्रोनं येत असाल तर गड्डीगोदामला जरा खिडकीतून खाली बघा, खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्याच्यावर फ्लायओव्हर अन सगळ्यात वर आपली मेट्रो, असे चार मजले आहेत तिथं, मी दर वेळी बघतो अन दर वेळी भारी वाटते.

आता पोह्याचं. नागपुरात तर्री-पोहे खाल्ले नाही असा माणूस सापडत नाही अन प्रत्येकाचा आपला एक ठेला असते, कस्तुरचंद पार्कवाले तर जगप्रसिद्धच आहेत, तरी मी गेली अकरा वर्षं इथंच येऊन राहिलो. कारण सांगतो. खालच्या गंजात, म्हणजे मोठ्या भांड्यात, पाणी उकळत असते अन वाफेवर वरचे पोहे, त्यामुळे सात वाजताची प्लेट अन साडेनऊची प्लेट दोन्ही सारख्याच मऊ लागतात, कुठं कोरडे नाहीत का गोळे झालेले नाहीत. त्यावर काळ्या चण्याचा रस्सा, चणे बोटानं दाबले की फुटतील इतके शिजलेले पण सालीत शाबूत. अन मग तर्री, म्हणजे रश्श्यावर तरंगणारं लाल तिखट तेल. ती टाकताना ठेलेवाल्या भाऊचा हात बघण्यासारखा आहे. पळी रश्श्यात बुडवतच नाही, आडवी धरून नुसती वरून फिरवतो, लाल तेवढं पळीत येते अन रस्सा मागं राहते. मग बारीक कांदा, भेदरं म्हणजे टोमॅटो, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, शेव अन लिंबाची फोड. तर्री अजून पाहिजे तर नुसती प्लेट पुढं करायची, बोलायचं काम नाही, पैसेही वेगळे लावत नाही.

तिखट आहे पण जळजळ नाही, दुपारी पोट धरून बसायची वेळ माझ्यावर एकदाही आली नाही. मिरची भिवापुरी. भिवापूरच्या मिरचीला जीआय, म्हणजे त्या गावच्या नावाचा सरकारी शिक्का, मिळालं आहे हे आता पुष्कळांना माहीत आहे, पण या ठेल्यावर ती मिरची भाऊच्या बापाच्या काळापासून आहे अन तेव्हा ती छोट्या लाइननं यायची. इतवारी ते नागभीडची नॅरोगेज, 1908 ची लाइन, दोन फूट सहा इंचाचे रूळ, उमरेड भिवापूर करत जायची. बाप भल्या पहाटे इतवारीहून निघायचा अन संध्याकाळी पोतं घेऊन परत, आणि भाऊ सांगतो की घरात शिरायच्या आधीच आईला समजायचं बाबा आले म्हणून, आख्खी गल्ली शिंकायची. 2019 च्या नोव्हेंबरात ती गाडी बंद झाली, ब्रॉडगेज करायला घेतली. आता मिरची ट्रकनं येते. चव तीच आहे असं मी म्हणतो, काकाजी म्हणतात नाही.

काकाजी म्हणजे डाव्या बाकड्यावर कोपऱ्यात बसतात ते, छोट्या लाइनवर गार्ड होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. त्यांना छेडायचं नसते, नुसतं बाजूला बसायचं, मग आपोआप सुरू होतात. चढावावर गाडी इतकी हळू व्हायची की पोट्टे खाली उतरून बोरं तोडून परत चढायचे अन हे शेवटच्या डब्यातून ओरडायचे. माझी आजी उमरेडची, मीही त्या गाडीत बसलेलो आहे, लाकडी बाक, समोरच्याचे गुडघे आपल्या गुडघ्याला लागायचे इतका लहान डबा, आजी जेवणाच्या डब्यातून चपातीची गुंडाळी काढून द्यायची अन ती खाता खाता डिझेलचा वास यायचा, तो वास मला अजून कुठं आला की उमरेड आठवते. हे मी एकदा काकाजीला सांगितलं तर त्यांनी मला विचारलं, कोणत्या साली, मी म्हटलं 1996-97 असेल, ते म्हणाले मग मीच असेन मागं झेंडी घेऊन. त्या दिवशी त्यांनी माझे पोह्याचे पैसे दिले, ऐकलंच नाही.

रविवारी सकाळी गर्दी फुटबॉलवाल्यांची असते. मोतीबागेच्या ग्राउंडवरून प्रॅक्टिस करून आलेले, शनिवारी रात्री मॅच बघून डोळे लाल झालेले, कामठीहून आलेलेही असतात, अन कामठीचा माणूस असला की चर्चा सोपी राहत नाही, रब्बानी फुटबॉल क्लबच्या गावचे आहेत ते, त्यांना फुटबॉल शिकवायला जाऊ नये. गेल्या कित्येक रविवारांपासून विषय एकच, मिडफिल्डर. एक लंडनच्या आर्सेनल क्लबचा, 2025 च्या उन्हाळ्यात स्पेनच्या रिअल सोसिएदाद क्लबहून आणलेला मार्टिन झुबीमेंदी, अन एक आपला, इथल्याच टीममध्ये नवीन आलेला सतरा वर्षांचा पोरगा.

"अबे पण तो करते काय? मला तर दिसतच नाही मॅचमध्ये," असं आमचा एक दोस्त म्हणाला झुबीमेंदीबद्दल. लगेच दुसरा उठला, 2024 च्या युरो फायनलला स्पेनचा मिडफिल्डर रॉड्री हाफटाइमला बाहेर बसला तेव्हा त्याच्या जागी कोण आला होता, हाच ना, अन स्पेननं इंग्लंडला 2-1 नं हरवलंच ना. त्याच उन्हाळ्यात लिव्हरपूल क्लबला नाही म्हणाला होता हेही निघालं. अन गोलच पाहिजे तर सप्टेंबर 2025 मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या टीमवर दोन मारले, पहिला बॉक्सच्या बाहेरून व्हॉली, तो आम्ही मोबाइलवर तिथंच परत लावून बघितला, चहाचे गिलास हातात तसेच राहिले.

काकाजी टीव्हीवर मॅच बघत नाहीत. पण ऐकत असतात सगळं. ते म्हणाले, "यार्डात गाडी गेली का सगळे इंजिन पाहतात. पॉइंट लावणाऱ्याकडं कोण पाहते? अन त्यानं एक दिवस चुकीचा लावला का मंग समजते." पॉइंट म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायचा सांधा. इतकं नेमकं मला मोठमोठ्या कॉमेंट्रीवाल्यांकडून ऐकायला मिळालेलं नाही. मग मी त्यांना सांगितलं की लंडनमध्ये आर्सेनलच्या नावाचं मेट्रो स्टेशनच आहे, आधी गिलेस्पी रोड होतं, 1932 साली नाव बदललं. अन मँचेस्टर युनायटेडवाल्या दोस्तानं भर घातली की त्यांचा क्लब तर 1878 मध्ये रेल्वेच्या कामगारांनीच काढला, न्यूटन हीथच्या डबे बांधणाऱ्यांनी. काकाजींचा चेहरा असा खुलला म्हणता! "म्हणजे आपलेच लोक," म्हणाले, अन मग 1958 ची कलकत्त्याची लीग ईस्टर्न रेल्वेनं जिंकली, भारताचे नावाजलेले फुटबॉलर पी. के. बॅनर्जी त्या टीममध्ये होते, हे त्यांनी आम्हाला सांगितलं. मी तरी तोवर ऐकलेलं नव्हतं.

आपल्या पोराचं तर मी स्वतः दोन मॅच उभं राहून बघितलं. बॉल यायच्या आधी दोनदा मान फिरवते, एकदा डावीकडं एकदा उजवीकडं, अन बॉल पायाशी येते तेव्हा अंग अर्धं वळलेलंच असते, म्हणून त्याला वेळ जास्त मिळते असं वाटते. दुसऱ्या मॅचला समोरच्या टीमचे दोन पोट्टे त्याच्यावर धावून आले तर ह्यानं बॉलला हातच... म्हणजे पायच लावला नाही, जाऊ दिला, मागं आपला राइट बॅक उभा होता हे ह्याला माहीत होतं. बूट फाटका, पुढून सुतळीनं शिवलेला. एका रविवारी आम्ही त्याच्यावरच जोरजोरात वाद घालून राहिलो होतो, लांब पास टाकत नाही वगैरे, अन तो मागं उभा राहून गुपचूप पोहे खात होता, कोणाचं लक्षच नाही. भाऊनं पाहिलं. काही बोलला नाही, त्याच्या प्लेटमध्ये एक पळी चणे अजून टाकले अन लिंबाची दुसरी फोड ठेवली. त्याच्या पुढच्या रविवारी पाच जणांनी मिळून त्याला बूट घेऊन दिले.

तक्रारी पण लिहितो, नाहीतर तुम्ही जाऊन मला शिव्या द्याल. चहा फार गोड, कमी साखरेचा आधीच सांगावा लागते अन तरी कधीकधी विसरतो. पावसाळ्यात उजव्या बाकड्यावर ताडपत्रीतून पाणी टपकते, डावीकडंच बसा. चमचे कमी आहेत, गर्दीत धुऊन येईपर्यंत थांबावं लागते. फॅमिली घेऊन जायचं तर रविवार सोडून जा, बसायला जागा मिळत नाही, अन पोरं सोबत असतील तर बाजूलाच नॅरोगेजचं रेल्वे म्युझियम आहे, 2002 पासूनचं, छोट्या लाइनची जुनी इंजिनं उभी आहेत, पोट भरल्यावर तिकडं चक्कर मारता येते.

प्लेट तीस रुपये, चहा दहा. तर्री साडेनऊच्या पुढं पातळ होत जाते, दहाला संपते. आठच्या आत पोचा, अन डाव्या बाकड्याचा कोपरा तेवढा सोडून बसा, तिथं काकाजी येतात.