ओपनफोमवर टर्ब्युलन्सची आकडेमोड: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून संक्षोभी (भोवऱ्यांनी भरलेल्या, सतत चढउतार होणाऱ्या) प्रवाहांच्या, म्हणजेच टर्ब्युलंट फ्लोच्या, आकडेमोडीसाठी मी जवळजवळ रोज ओपनफोम ही प्रवाहांची आकडेमोड करणारी खुली संगणकप्रणाली वापरत आहे. त्याआधीची काही वर्षे संस्थेच्या परवान्यावरील व्यावसायिक सॉफ्टवेअरवर गेली असल्यामुळे तुलनेला आधार आहे. मत आधीच सांगतो: संशोधन करणाऱ्याला मी ओपनफोमची शिफारस निःशंकपणे करीन. टर्ब्युलन्सचे प्रारूप कोणत्या गृहीतकांवर उभे आहे, ते येथे फाइल उघडून वाचता येते आणि हवे तर बदलताही येते, हे त्याचे मुख्य कारण. ज्याला पुढच्या आठवड्यात ग्राहकाच्या हाती अहवाल ठेवायचा आहे आणि लिनक्सच्या टर्मिनलची सवय नाही, त्याने मात्र या वाटेला जाण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

ज्यांनी हे नाव केवळ ऐकले आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. या प्रणालीचा उगम १९८०च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या इंपीरियल कॉलेजात, हेन्री वेलर यांच्या कामातून झाला, आणि डिसेंबर २००४मध्ये ती जीपीएल या मुक्त-सॉफ्टवेअर परवान्याखाली खुली झाली. ती सी-प्लस-प्लसमध्ये लिहिलेली आहे. तिला स्वतःची खिडकी, बटणे, मेनू असे काही नाही. प्रत्येक उदाहरण म्हणजे एक फोल्डर, आणि त्यात तीन उपफोल्डर असतात: ‘०’मध्ये आरंभीच्या व सीमेवरच्या अटी, ‘कॉन्स्टंट’मध्ये जाळी (प्रवाहाची जागा ज्या छोट्या पेशींत विभागतात ती) व प्रवाहीचे गुणधर्म, आणि ‘सिस्टिम’मध्ये आकडेमोडीच्या पद्धती. सगळे काही साध्या मजकुराच्या फाइलींत असल्यामुळे दोन उदाहरणांत नेमका काय फरक आहे हे एका आज्ञेत कळते. प्रबंध लिहिताना या गोष्टीचे मोल फार जाणवते, कारण सहा महिन्यांपूर्वी कोणते मूल्य दिले होते हे आठवत बसावे लागत नाही.

टर्ब्युलन्सला प्रारूपाची गरज का पडते, हे लक्षात घेतल्याशिवाय या प्रणालीचे गुणदोष नीट मांडता येणार नाहीत. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८९५मध्ये प्रवाहाची समीकरणे सरासरी घेऊन मांडली, तेव्हा चढउतारांच्या गुणाकारांतून सहा नवे ताण उद्भवले आणि त्यांच्यासाठी वेगळी समीकरणे हाती नव्हती. बूसिनेस्क यांनी १८७७मध्येच सुचवले होते की भोवऱ्यांचा परिणाम जणू काही वाढीव श्यानतेसारखा (प्रवाहीच्या चिकटपणासारखा) मानावा. आज वापरात असलेली के-एप्सिलॉन, के-ओमेगा, स्पालार्ट–ऑलमारास ही सारी प्रारूपे त्याच कल्पनेवर उभी आहेत. प्रारूप टाळून प्रत्येक भोवरा सोडवायचा, तर लागणाऱ्या बिंदूंची संख्या रेनॉल्ड्स अंकाच्या (प्रवाहाचे जडत्व श्यानतेच्या तुलनेत किती मोठे हे सांगणाऱ्या अंकाच्या) सव्वादोनाव्या घाताने वाढते. किम, मोइन व मोझर यांनी १९८७मध्ये दोन सपाट भिंतींमधल्या प्रवाहाची अशी थेट आकडेमोड केली, तेव्हा भिंतीवरील घर्षणावर आधारलेला रेनॉल्ड्स अंक १८० होता आणि बिंदू सुमारे ४० लाख होते. ली व मोझर यांनी २०१५मध्ये तोच अंक ५,२००पर्यंत नेला, त्यासाठी १२,००० कोटींहून अधिक बिंदू लागले. आपल्यापैकी बहुतेकांना प्रारूपावरच गुजराण करावी लागणार आहे, तेव्हा ते प्रारूप डोळ्यांसमोर असलेले बरे.

सुरुवात सर्वांचीच ‘पिट्झडेली’ या नमुना उदाहरणाने होते. पिट्झ व डेली यांनी अभ्यासलेली मागे पायरी असलेली वाहिनी, तिची १२,२२५ पेशींची द्विमितीय जाळी, आणि साध्या लॅपटॉपवरही काही क्षणांत मिळणारे उत्तर. बहुतेक जण ते चालवतात, पॅराव्ह्यू या उत्तरे चित्ररूपात दाखवणाऱ्या साधनात रंगीत चित्र पाहतात आणि पुढे जातात. थोडे थांबून ‘०’ या फोल्डरातील आकडे तपासावेत, असे मी नवोदितांना आवर्जून सांगतो. प्रवेशाशी वेग सेकंदाला १० मीटर, टर्ब्युलन्सची गतिज ऊर्जा ०.३७५ आणि तिचा ऱ्हासदर १४.८५५ असे दिलेले असते. पाच टक्के तीव्रता धरली की चढउतार सेकंदाला ०.५ मीटरचा होतो, त्याच्या वर्गाची दीडपट म्हणजे ०.३७५. त्या ऊर्जेवरून आणि ऱ्हासदरावरून उलट गणित केले की भोवऱ्यांची लांबी २.५४ मिलिमीटर निघते, म्हणजे पायरीच्या २५.४ मिलिमीटर उंचीचा बरोबर दहावा भाग. वरवर विचित्र दिसणारा तो आकडा अशा दोन साध्या गृहीतकांतून आलेला आहे, आणि आपल्या स्वतःच्या उदाहरणात ती गृहीतके आपल्यालाच घ्यावी लागणार आहेत. व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये हीच मूल्ये एका चौकटीत आधीच भरलेली मिळतात आणि त्यांच्याकडे कोणी फारसे पाहत नाही.

यापुढची पायरी म्हणजे प्रारूपाची मूळ फाइल वाचणे. के-एप्सिलॉनच्या शीर्षफाइलीत संदर्भ दिलेले आहेत आणि ०.०९, १.४४, १.९२, १.० व १.३ हे लाँडर–स्पाल्डिंग यांच्या १९७४च्या मांडणीतील पाच प्रसिद्ध स्थिरांकही आहेत. गणित सुरू होताच ते पडद्यावर छापले जातात. समीकरणाचा संकेतही जवळजवळ कागदावरच्या समीकरणासारखाच वाचता येतो: कालानुसार बदल, वहन, विसरण, आणि बरोबरीच्या चिन्हापलीकडे निर्मिती व ऱ्हास. हे सौंदर्य आहे, आणि उपयुक्तही आहे. उदाहरणार्थ, चौकोनी खांबासमोर प्रवाह जिथे अडतो तिथे के-एप्सिलॉन ऊर्जा भरमसाट निर्माण करते, कारण निर्मितीचे पद विकृतिदराच्या (प्रवाहीचा आकार किती वेगाने बदलतो त्याच्या) वर्गावर चालते. काटो व लाँडर यांनी १९९३मध्ये त्यातील एका विकृतिदराच्या जागी भ्रमिलता (प्रवाहीची स्थानिक गिरकी) घालण्याचा उपाय सुचवला. ओपनफोममध्ये मूळ वर्गाची प्रत नव्या नावाने घ्यायची, निर्मितीची ती ओळ बदलायची आणि ‘डब्ल्यूमेक’ या साधनाने संकलित (कंपाइल) करायचे. एवढ्यावर हा उपाय आपल्या हाती येतो. एका दुपारी उरकणारे हे काम मला या साऱ्या महिन्यांतील सर्वाधिक समाधान देऊन गेले.

अचूकतेबद्दल बोलायचे तर मागे पायरी असलेली वाहिनी हीच कसोटी. ड्रायव्हर व सीगमिलर यांनी १९८५मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पायरीची उंची १.२७ सेंटिमीटर होती, तिच्यावर आधारलेला रेनॉल्ड्स अंक ३६,०००च्या आसपास होता, आणि पायरीमागे सुटलेला प्रवाह पुन्हा तळाला टेकला तो पायरीच्या उंचीच्या ६.२६ पट अंतरावर. साधे के-एप्सिलॉन हे अंतर नेहमीच कमी सांगते. माझ्याकडे ते पाच ते साडेपाच पटीच्या दरम्यान राहिले. मेंटर यांचे १९९४चे के-ओमेगा एसएसटी साडेसहाच्या आसपास गेले, म्हणजे किंचित लांब, पण दाबाचे वितरण चांगले जुळले. एसएसटीमध्ये भोवरी श्यानतेवर एक मर्यादा घातलेली असते, त्यामुळे प्रतिकूल दाबात प्रवाह भिंतीला उगाच चिकटून राहत नाही. हा निष्कर्ष नवीन नाही, पाठ्यपुस्तकांतही सापडतो.

पाठ्यपुस्तकांत कमी सापडते ते असे: वहनपदासाठी पहिल्या क्रमाची अपविंड पद्धत (पेशीच्या सीमेवरचे मूल्य प्रवाह येतो त्या बाजूच्या पेशीतून घेणारी) ठेवली, तर प्रारूपांमधील हा फरक बराच पुसट होतो, कारण पद्धतीतून शिरणारी कृत्रिम श्यानता भोवरी श्यानतेला झाकोळून टाकते. दुसऱ्या क्रमाची लिनिअर-अपविंड घेतल्यानंतरच प्रारूपांची तुलना करण्यात अर्थ आहे. कित्येक शोधनिबंधांत प्रारूपाचे नाव ठळक असते आणि पद्धतीचा उल्लेखही नसतो. असे निबंध वाचताना मी आता बराच साशंक असतो.

भिंतीजवळचा भाग हा या विषयातला सर्वांत चिवट भाग आहे, आणि ओपनफोम तिथे फारशी दयामाया दाखवत नाही. भिंतीपासूनचे मितिरहित अंतर, ज्याला सगळे वाय-प्लस म्हणतात, ते पाचाच्या आत असेल तर वेग अंतराच्या सरळ प्रमाणात वाढतो. तीसच्या पुढे तो लॉगॅरिदमच्या नियमाने चालतो. मधला पट्टा कोणत्याच साध्या सूत्राला जुमानत नाही. नेहमीची भिंत-फलने, म्हणजे भिंतीलगतचा प्रवाह थेट न सोडवता सूत्राने मांडणारी फलने, पहिली पेशी तीसच्या पलीकडे आहे असे धरून चालतात. त्यामुळे ‘जाळी जितकी बारीक तितके उत्तर चांगले’ या भरवशावर कोणी जाळी बारीक करत गेला, की पहिली पेशी त्या मधल्या पट्ट्यात उतरते आणि घर्षणाचे उत्तर सुधारण्याऐवजी बिघडते. यावर दोन मार्ग आहेत. एक तर वाय-प्लस एकच्या आसपास आणून भिंत थेट सोडवावी, नाहीतर स्पाल्डिंग यांच्या १९६१च्या एकसंध सूत्रावर आधारलेले भिंत-फलन वापरावे, जे तिन्ही पट्ट्यांत निभावून नेते. प्रत्येक गणितानंतर वाय-प्लसचे किमान, कमाल व सरासरी मूल्य काढून देणारी सोय प्रणालीतच आहे. ती चालू न ठेवता काढलेला घर्षणाचा कोणताही आकडा मी ग्राह्य धरत नाही.

लार्ज एडी सिम्युलेशन, अर्थात एलईएस, हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे, तरी वापराच्या दृष्टीने थोडे. मोठे भोवरे थेट सोडवायचे आणि जाळीत न मावणाऱ्या छोट्यांपुरते प्रारूप वापरायचे, ही स्मागोरिन्स्की यांच्या १९६३च्या हवामानविषयक कामातून आलेली दिशा. ओपनफोममध्ये मूळ स्मागोरिन्स्कीबरोबर, भिंतीजवळ अधिक शहाणपणाने वागणारे ‘वेल’ प्रारूपही मिळते. २१,४०० रेनॉल्ड्स अंकाचा चौकोनी खांब मी त्यावर चालवला. भोवरे सुटण्याची मितिरहित वारंवारता, म्हणजे स्ट्रूहाल अंक, प्रयोगातील ०.१३च्या जवळ सहज येते. खांबामागील मंद प्रवाहाची लांबी मात्र जाळी, खांबाच्या लांबीच्या दिशेत घेतलेली रुंदी आणि वहनपद्धती यांनुसार हलत राहते. यात ओपनफोमचा दोष मानू नये. १९९०च्या दशकात याच खांबावर अनेक गटांनी एलईएसची उत्तरे एकत्र मांडली होती, तेव्हाही ती आपसांत चांगलीच विखुरलेली निघाली होती. व्यावहारिक सल्ला एवढाच, की एलईएसमध्ये अपविंडला थारा देऊ नये. शुद्ध मध्यवर्ती पद्धत डळमळत असेल, तर तिच्यात पाव भाग लिनिअर-अपविंड मिसळणारी ‘लस्ट’ पद्धत चांगली तडजोड ठरते.

वेळेचा हिशेब आधीच करून ठेवावा. सरासरी समीकरणांवर आधारित द्विमितीय उदाहरण लॅपटॉपवर चहा होईपर्यंत संपते. एलईएसला त्रिमितीय जाळी, कुरांट अंक (एका कालपायरीत प्रवाह किती पेशी ओलांडतो तो आकडा) एकच्या आत ठेवणारी बारीक कालपायरी आणि सरासरी स्थिरावेपर्यंत भोवऱ्यांची अनेक आवर्तने लागतात, म्हणून तिथे संस्थेच्या क्लस्टरशिवाय गत्यंतर नाही. समांतर गणनेसाठी प्रोसेसरच्या प्रत्येक गाभ्याला वेगळा परवाना घ्यावा लागत नाही, हा व्यावसायिक सॉफ्टवेअरच्या तुलनेतला मोठाच फायदा. पण एकाच यंत्रावर गाभे वाढवत गेल्याने वेग त्या प्रमाणात वाढत नाही, कारण ही आकडेमोड बहुतांशी स्मृतीच्या वाहतुकीवर अडते. नवे यंत्र घेणाऱ्यांनी गाभ्यांच्या संख्येपेक्षा मेमरी चॅनेलांकडे अधिक लक्ष द्यावे.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. ओपनफोमच्या दोन शाखा समांतर चालतात. फाउंडेशनची शाखा ११, १२ अशा क्रमांकांनी ओळखली जाते, तर दुसरी व्ही-२३१२, व्ही-२४०६ अशा वर्ष-महिन्याच्या नावांनी वर्षातून दोनदा येते. दोन्हींत फाइलींची नावेही आता जुळत नाहीत. टर्ब्युलन्सची निवड एका शाखेत ‘टर्ब्युलन्स-प्रॉपर्टीज’मध्ये, तर दुसरीत ‘मोमेंटम-ट्रान्सपोर्ट’मध्ये असते. फाउंडेशनच्या नव्या आवृत्त्यांत ‘सिंपलफोम’सारख्या सुट्या आज्ञांची जागा ‘फोमरन’ने घेतली आहे. परिणामी इंटरनेटवर सापडलेले उदाहरण आपल्या आवृत्तीत जसेच्या तसे चालेलच असे नाही. एखादा शब्द चुकला तर प्रणाली वैध पर्यायांची यादी दाखवते, हे चांगले. गणित मध्येच फुटले, तर मात्र ‘फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन’पलीकडे फारसे काही सांगत नाही, आणि कारण जाळीत आहे, सीमेवर आहे की कालपायरीत आहे हे माणसानेच शोधायचे असते. ‘स्नॅपीहेक्समेश’ या जाळी बनवणाऱ्या साधनाने गुंतागुंतीच्या आकारावर भिंतीलगतचे थर एकसारखे चढवणे हे अजूनही चिकाटीची परीक्षा पाहणारे काम आहे, आणि इथे व्यावसायिक साधने निर्विवाद पुढे आहेत.

शिकण्यासाठी आपल्याकडे एक सोय आहे, ती पुरेशी परिचित नाही. आयआयटी मुंबईचा ‘फॉसी’ प्रकल्प ओपनफोमवरील शिकवण्या आणि विद्यार्थ्यांनी सोडवलेली उदाहरणे विनामूल्य उपलब्ध करून देतो. आकडे पडताळण्यासाठी नासाच्या लँगली केंद्राने उभारलेला टर्ब्युलन्स प्रारूपांचा संग्रह पाहावा. वर सांगितलेली पायरी, तिच्या जाळ्या आणि प्रयोगाची मोजमापे त्यात मिळतात. एसएसटीच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांना तिथे वेगवेगळी नावे दिलेली आहेत, त्यामुळे आपण नेमकी कोणती वापरली हे निबंधात लिहिता येते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने एक शाखा व एक आवृत्ती ठरवून प्रकल्प संपेपर्यंत ती बदलू नये. प्रारूप एसएसटी घ्यावे, वहनपद्धती वेगासाठी दुसऱ्या क्रमाची ठेवावी, आणि स्वतःच्या आकाराला हात घालण्यापूर्वी ड्रायव्हर–सीगमिलरची पायरी तीन वेगवेगळ्या जाळ्यांवर सोडवून पाहावी. आठ गाभे आणि ३२ जीबी मेमरी असलेले यंत्र एवढ्या कामाला पुरते.