इलेक्ट्रिक गिटारचा नट: हाडाचा की ग्रॅफाइटयुक्त?

खुंट्यांकडून येणाऱ्या तारा मानेवर उतरताना सुमारे 42 मिलिमीटर लांबीच्या ज्या खाचदार पट्टीवरून जातात, तिला नट म्हणतात. तार मानेवरच्या पडद्यावर (फ्रेटवर) दाबली की नटाच्या नादाला फारसा अर्थ उरत नाही. त्यामुळे माझ्या मते निवड नादापेक्षा घर्षणावर ठरवावी. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि जूननंतर हवा दमट होते. लाकडी मान या बदलाने हलते, सूर उतरतो आणि खुंट्या वारंवार फिरवाव्या लागतात; अशा वेळी तार नटाच्या खाचेतून सहज सरकायला हवी.

हाडाचा नट कठीण असून मोकळ्या तारेचा नाद स्वच्छ ठेवतो. खाच खोल झाल्यास हाडाची भुकटी आणि सुपरग्लू भरून ती पुन्हा घासता येते, ही त्याची मोठी सोय. मात्र हाड नैसर्गिक असल्याने त्याची घनता सर्वत्र सारखी नसते आणि एखादी खाच तार धरून ठेवते. दोन्ही बाजूंना तीन-तीन खुंट्या असलेल्या गिटारवर तिसरी तार खाचेतून तिरकी वळते, म्हणून बहुधा तीच अडते, ‘टिक्’ आवाज करून सुटते आणि सूर एकदम चढतो. खाचेत पेन्सिलचे शिसे, म्हणजे ग्रॅफाइट, घासणे हा यावरचा जुना उपाय आहे.

ग्रॅफाइट मिसळलेल्या कृत्रिम नटात हा गुळगुळीतपणा मुळातच असतो. घरात हाड नको असणाऱ्यांचा प्रश्नही त्याने मिटतो. त्याची खाच हाडाइतकी सहज भरून निघत नाही, तरी ट्रेमोलो दांडी (ब्रिज, म्हणजे तारांचा खालचा आधार, हलवून सूर वर-खाली करणारी दांडी) वापरणाऱ्याने तोच घ्यावा. स्थिर ब्रिजच्या गिटारला मी नीट घासलेले हाडच बसवीन.