आजारी पडल्यावर पगार कुठे मिळतो: दुकानातली नोकरी की ईएसआयवाली?

पुण्यातल्या मोठ्या दुकानात महिना 21,600 आणि चाकणच्या कारखान्यात 20,400, अशा दोन नोकऱ्या समोर असतील तर बहुतेक जण आकडा बघून पहिलीच घेतील. त्याआधी आजारपणाचा हिशोब मांडून बघा.

ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना. तिची पगारमर्यादा महिना 21,000 आहे, त्यामुळे दुकानातली नोकरी त्या योजनेबाहेर. तिथे तुमच्या बाजूने उभा राहतो तो महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा. त्यात आजारपणाची वेगळी रजा नाही. वर्षाला 8 किरकोळ रजा, पूर्ण पगारी. लग्न, बारसं, मुलाची शाळा आणि ताप, सगळं त्या आठांतच. शिल्लक राहिलेल्या वर्षअखेरीस बुडतात आणि जमा होतात तिमाहीने. म्हणजे फेब्रुवारीत कावीळ झाली तर हातात रजा दोनच! 240 दिवस भरले असतील तर दर 20 दिवसांमागे एक हक्काची रजा असते. पहिल्या वर्षी तीही नाही. मग खाडा.

चाकणला ईएसआयसाठी दरमहा 153 रुपये (0.75 टक्के) कापले जातील, मालक 663 (3.25 टक्के) भरेल. बदल्यात आजारपणात पगाराच्या 70 टक्के, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. 30 दिवसांची कावीळ धरली तर पहिले दोन दिवस कोरडे, पुढचे 28 दिवस रोज साधारण 476, एकूण तेरा हजारांच्या वर. टीबी, कॅन्सरसारख्या दीर्घ आजारांत 80 टक्के, जास्तीत जास्त दोन वर्षं. त्यासाठी मात्र आधी दोन वर्षांची सलग नोकरी लागते.

अडचणी इथेही आहेत. नव्या माणसाला उपचार लगेच मिळतात, रोख भत्ता मात्र साधारण नऊ महिन्यांनी सुरू होतो, आणि तोही सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी भरली असेल तर. दाखला ईएसआयच्या दवाखान्यातला लागतो, गल्लीतल्या डॉक्टरची चिठ्ठी सहसा चालत नाही.

मला सर्वांत जास्त खटकतात ते सुरुवातीचे दोन कोरडे दिवस. साधा ताप दोन-तीन दिवसांचाच असतो. त्याचा पगार बुडतो म्हणून माणूस तो अंगावर काढतो, मशीनवर उभा राहतो आणि शेजारच्यालाही देतो. कायद्याने पगारी आजारपणाची रजा द्यायची तर सुरुवात याच दोन दिवसांपासून व्हायला हवी, आणि तो पैसा मालकाने द्यावा. लांबचं आजारपण विम्याने पेलावं, कारण दहा-बारा माणसांच्या दुकानदाराला तीन महिन्यांचा पगार खरंच झेपत नाही.

तरी आज निवडायचं झालं तर घरात एकटेच कमावते असाल, गाठीशी बचत नसेल, तर चाकण घ्या. महिन्याला तेराशे-साडेतेराशे कमी पडतील, पण महिनाभराच्या आजारपणात घरी चूल पेटेल. घरात दुसरा पगार असेल आणि तुम्हाला वर्षातून दोनदा सर्दी-तापच होत असेल, तर दुकान परवडेल. चाकणला होकार देण्याआधी मात्र विचारा: किरकोळ रजा किती? कारण ते दोन दिवस तिच्यावरच काढायचे आहेत. आणि पहिल्या पगारपत्रकावर ईएसआयची कपात आणि तुमचा विमा क्रमांक दिसतोय ना, ते बघा.